युक्तिवादाची पारख शिकवणारा वर्ग

नवी पेठेतील एका स्पर्धा परीक्षा वर्गात ‘विधान आणि युक्तिवाद’ हा घटक, म्हणजे दिलेल्या प्रश्नावरचा युक्तिवाद सबळ की दुर्बळ हे ठरवणे, ज्या पद्धतीने शिकवला जातो, ती मला मनापासून आवडली. ‘बिडी उत्पादनावर बंदी घालावी का?’ हा प्रश्न फळ्यावर येतो, तेव्हा बिड्या वळून घर चालवणाऱ्या आयांची मुलेही बाकांवर असतात. तरीही सर उत्तर भावनेवर सोडत नाहीत. ‘होय, कारण तंबाखूमुळे कर्करोग होतो’ आणि ‘नाही, कारण पर्यायी रोजगाराविना हजारो महिलांचे उत्पन्न बुडेल’ हे दोन्ही युक्तिवाद सबळ ठरतात, कारण दोन्ही मूळ प्रश्नाला थेट भिडतात आणि त्यांत सांगितलेले परिणाम गंभीर आहेत. ‘नाही, कारण बिडी पूर्वापार चालत आली आहे’ हा मात्र दुर्बळ. आपले स्वतःचे मत कोणत्या बाजूचे, याचा इथे काहीही संबंध नाही, हे सर पुरते ठसवतात.

छापील टिपणांनी मात्र निराशा केली. ‘फक्त’ दिसले की युक्तिवाद दुर्बळ समजावा, असली पाठांतराची युक्ती त्यांत आहे आणि ती वर्गातल्या शिकवणुकीवरच पाणी फिरवते. हा घटक ज्यात येतो तो राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर आता ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरताच उरल्याने पुष्कळ विद्यार्थी अशा युक्त्यांवर भागवतात, हेही खरे. सराव प्रश्नसंच वाढवले, तर शुल्क वाजवी म्हणता येईल.