ॲड अकाउंट बंद पडलं: अपील करू, नवीन काढू की भाड्याचं घेऊ?

हे मी मुद्दाम अशा माणसासाठी लिहितेय ज्याचं अकाउंट आत्ता बंद पडलंय आणि समोर सिझन आहे. फराळवाले, आंबेवाले, राख्या आणि शाडूच्या मूर्तीवाले, ह्या लोकांचं वर्षाचं गणित महिना-दीड महिन्यात बसतं, आणि नेमक्या तेव्हाच फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती थांबल्या की डोकं चालत नाही, मग ग्रुपवर कोणी सांगतं नवीन अकाउंट काढ, दुसरा म्हणतो माझ्याकडे एजन्सी अकाउंट आहे भाड्याने घे, तिसरा म्हणतो अपील टाक आणि देवाचं नाव घे. मावशीच्या फराळाच्या धंद्यात एकाच दिवाळीत आम्ही हे तिन्ही करून बसलो, तेही उलट्या क्रमाने.

पण रस्ता निवडायच्या आधी नक्की काय बंद झालंय ते बघा. लोक "अकाउंट उडालं" एवढंच सांगतात, त्यात पाच वेगळे आजार असतात आणि औषध प्रत्येकाचं वेगळं. मेटाच्या (म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीच्या) बिझनेस सपोर्ट होममध्ये जा, आधी त्याला अकाउंट क्वालिटी म्हणायचे, तिथे कशावर लाल खूण आहे ते दिसतं.

सगळ्यात हलका आजार पैशाचा. कार्डावरून पैसे कापले गेले नाहीत म्हणून जाहिराती थांबल्या असतील तर ते सस्पेन्शन नाहीच, थकबाकी भरली की गाडी सुरू. रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापण्याचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, ओटीपीशिवाय कापायची मर्यादा तेव्हा ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली, पण कार्ड नाकारलं जाणं आपल्याकडे अजूनही रोजचंच आहे. अशा वेळी अपील-बिपील काही करू नका, बिलिंगमध्ये जाऊन बाकी भरा आणि पुढच्या वेळी यूपीआयने आधीच पैसे टाकून ठेवा.

दुसरा, फक्त ते एक ॲड अकाउंट बंद. तिसरा, तुमच्या प्रोफाइलवरून जाहिरात द्यायचा हक्कच काढून घेतलाय, म्हणजे बंदी माणसावर आहे, अकाउंटवर नाही. चौथा, पूर्ण बिझनेस पोर्टफोलिओ (धंद्याची पेजं आणि ॲड अकाउंट ज्यात एकत्र ठेवतात तो) किंवा पेज रिस्ट्रिक्ट. आणि पाचवा, फेसबुक प्रोफाइलच सस्पेंड, त्यात अपील करायला १८० दिवस मिळतात आणि ते गेले की प्रोफाइल कायमचं गेलं. दुसरा आणि तिसरा आजार लोक एकच समजतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. बंदी माणसावर असेल तर त्याच माणसाने दहा अकाउंट काढली तरी दहाही बंदच राहणार ना.

आता अपील. खर्च शून्य. मेटा स्वतः सांगतं की बहुतेक रिव्ह्यू ४८ तासांत होतात, कधी जास्त लागतात, तर मनात आठवडा धरून चाला म्हणजे चिडचिड कमी होते. रिक्वेस्ट रिव्ह्यूचं बटण दाबलं की बऱ्याचदा फोनवर कोड येतो, सरकारी ओळखपत्राचा फोटो मागतात, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक कोड, चालू करायला लावतात. इथे आपल्या लोकांची एक खास अडचण होते, प्रोफाइलवर नाव "स्वीटी पाटील" आणि ओळखपत्रावर सुनंदा रामचंद्र पाटील. लग्नाआधीचं आडनाव आणि नंतरचं आडनाव हाही एक प्रकार. ह्या भानगडीत खरी माणसं अडकतात. शांत दिवस असतील तेव्हाच प्रोफाइलचं नाव कागदाप्रमाणे करून ठेवा, अपीलाच्या दिवशी नाव बदलायला गेलात तर ते अजूनच संशयास्पद दिसतं.

बटण दाबायच्या आधी एक तास आपल्याच दुकानाकडे परक्यासारखं बघा. वेबसाइटवर पत्ता, फोन, किंमत, परत घ्यायचे नियम आहेत का, जाहिरातीत एक भाव आणि आत दुसरा असं नाही ना. आणि मजकूर! मराठी जाहिरातीची आपली ठरलेली सुरुवात म्हणजे समोरच्याला थेट प्रश्न: "तुमचे केस गळतायत का?", "तुम्हाला शुगर आहे का?". दुकानाच्या पाटीवर हे छान चालतं, पण मेटाच्या नियमात बघणाऱ्याच्या तब्येतीबद्दल, धर्माबद्दल, पैशाच्या अडचणीबद्दल तुम्हाला माहितीये असा सूर लावायला मनाई आहे. "शुगर असणाऱ्यांना चालतील असे लाडू" हेही काठावरचंच, "बिनसाखरेचे खजूर लाडू" लिहा आणि मोकळे व्हा. तेल, चूर्ण, काढा विकणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं, वजनाचे आधीचे-नंतरचे फोटो मेटाला चालत नाहीत, आणि डायबिटीस बरा करतो असं छापणं १९५४ च्या औषधं आणि जादुई उपाय कायद्याने आपल्याकडे गुन्हाच आहे, तिथे अकाउंट परत मिळणं ही छोटी गोष्ट झाली.

लिहायला जागा मिळाली तर चार ओळी पुरतात, काय विकतो, काय चुकलं असावं, काय दुरुस्त केलं. रडगाणं नको, "माझ्या पोटावर पाय" नको, वाचणाऱ्याला तपासता येईल असं लिहा. आणि एकदा टाकलं की थांबा.

अपीलाच्या काळातच ते दुसरे पाहुणे येतात. मेसेंजरवर निळा लोगो लावून "मेटा सपोर्ट टीम" मेसेज करते की तुमचं पेज २४ तासांत कायमचं डिलीट होणार, ह्या लिंकवर अपील करा. ती लिंक पासवर्ड आणि ओटीपी खायला बसलेली असते. खरा मेल आला होता का ते अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सिक्युरिटीखाली दिसतं, तिथे अलीकडे पाठवलेल्या मेलची यादी असते, त्यात नसेल तर तो मेल खोटा. पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन लावा, उद्यावर ढकलू नका.

नवीन अकाउंट. आकर्षक ह्यासाठी वाटतं की दहा मिनिटांत तयार होतं. पण अपीलाशेजारी ठेवून बघा. अपील यशस्वी झालं तर तुमचा जुना डेटा, तयार झालेले ऑडियन्स (जाहिरात कोणाला दाखवायची त्या याद्या), काय चालतं काय नाही हा सगळा इतिहास परत मिळतो. नवीन अकाउंट कोरं असतं, मेटाच्या सिस्टीमला शिकायला आठवड्यात साधारण ५० ऑर्डरी किंवा ५० मेसेज असा जो काही रिझल्ट तुम्ही मागताय तो लागतो, तोपर्यंत प्रत्येक ऑर्डर महागात पडते, आणि दिवसाला तीनशे रुपये घालणाऱ्याचे ५० होईपर्यंत लक्ष्मीपूजन येऊन जातं. वर बंदी चुकवायला दुसरं अकाउंट काढणं हाच एक वेगळा गुन्हा धरला जातो, म्हणजे पहिला आळ किरकोळ असला तरी दुसरा खरा होतो. गूगलकडेही हेच आहे, सस्पेंड असताना नवीन अकाउंट काढलं तर तेही बंद करतात.

बायकोच्या नावाने काढू, भावाच्या नावाने काढू, हा पुढचा विचार. पेज तेच, कार्ड तेच, फोन तोच, वेबसाइट तीच, मग नाव बदलून कोणाला फसवताय? आम्ही वहिनीच्या प्रोफाइलवरून काढलं. सहा दिवस चाललं, आम्ही खुश, सातव्या दिवशी ते तर गेलंच आणि वहिनीचा जाहिरात द्यायचा हक्कही गेला. तिचा स्वतःचा रांगोळीच्या क्लासचा धंदा होता हो, तो आमच्या चकलीपायी बसला. ती अजून टोमणे मारते आणि तिचं बरोबर आहे.

नवीन अकाउंट फक्त एकाच परिस्थितीत विचारात घ्या, बंदी त्या एका ॲड अकाउंटपुरती आहे, तुमच्या प्रोफाइलवर, पोर्टफोलिओवर, पेजवर काही नाही, आणि अपीलाचा निकाल येऊन गेलाय. तेही त्याच पोर्टफोलिओत, उघडपणे.

भाड्याचं एजन्सी अकाउंट. टेलिग्रामवर ढिगाने मिळतात, "कधीच बंद होत नाही" अशी हमी देऊन. तुम्ही टॉप-अप करता, त्यावर तो टक्केवारी कापतो, पेजचा ॲक्सेस मागतो. इथे पैशाचा हिशोब नीट करा. स्वतःच्या अकाउंटवर जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण बिल तुमच्या जीएसटी नंबरवर येतं आणि नोंदणी असेल तर तो परत वळता करता येतो. भाड्याच्या अकाउंटचं बिल दुसऱ्याच कोणाच्या नावाने, कधीकधी दुसऱ्याच देशातलं, म्हणजे तो फायदा गेला, वर कमिशन गेलं, आणि सीएला काय दाखवणार? शिवाय त्या अकाउंटवर तुमच्यासोबत कोण आहे माहीत नसतं, शेजारी कोणी बेटिंगची जाहिरात चालवत असेल तर त्याच्यासोबत तुमचे टॉप-अपचे पैसेही अडकणार. आमचे १२,००० रुपये दोन दिवसांत असेच अडकले, तो माणूस आधी "सर रिफंड प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला, मला सर म्हणत होता, आणि मग दिसेनासा झाला.

खरी एजन्सी ही वेगळी गोष्ट, दोन्हींना एका माळेत ओवू नका. जिचा जीएसटी नंबर आहे, जी बिल देते, जी तुमच्या पेजवर पार्टनर म्हणून फक्त जाहिरातीपुरता ॲक्सेस घेते, मालकी मागत नाही, अशी एजन्सी अपील नीट लिहायला आणि कागद जमवायला नक्की उपयोगी पडते. पण बंदी पेजवर असेल तर तिच्या अकाउंटमधूनही ते पेज चालणार नाही, हे ती पहिल्या फोनवर सांगते का बघा. नाही सांगितलं तर फोन ठेवा.

राहिला गूगलचा पर्याय. तो फराळाला चांगला लागू पडतो कारण लोक दिवाळीत स्वतःहून "फराळ ऑर्डर" असं शोधतात, तुम्ही फक्त समोर उभं राहायचं. हाताने रंगवलेल्या पैठणी पर्ससारखी वस्तू असेल, जी कोणी शोधतच नाही आणि दिसली की हवीशी वाटते, तिथे इन्स्टाची जागा सर्च घेऊ शकत नाही, उगाच पैसे घालू नका. गूगलचे नियमही काही मवाळ नाहीत. बऱ्याच नियमांना तिथे आधी वॉर्निंग, मग पहिल्या स्ट्राइकला ३ दिवस बंद, दुसऱ्याला ७ दिवस, तिसऱ्याला सस्पेंड असा जिना आहे, पण गंभीर प्रकारात जिनाबिना नाही, थेट दार बंद. निदान जिना दिसतो म्हणून मला तो बरा वाटतो. ओळख पडताळणीचे कागद तिथेही लागतात, म्हणून हे अकाउंट सिझनच्या दोन महिने आधी उघडून थोडं थोडं चालवलेलं असावं, आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

आणि ज्याला कोणी पर्यायच समजत नाही तो म्हणजे जुनं गिऱ्हाईक. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, त्यामुळे यादी लहान पण खरी असते. मावशीकडे तीन वर्षांच्या ऑर्डरची वही होती. जाहिराती बंद असताना तिने त्या वहीतून फोन लावले, दुपारी, जेवणं झाल्यावर, "ह्या वर्षी अनारसे करतेय, ठेवू का?" एवढंच. अमेरिकेला पार्सल पाठवणाऱ्या घरांना आधी, कारण कुरिअरला वेळ लागतो. नवीन गिऱ्हाईक त्यातून फार आलं नाही, खोटं कशाला सांगू, पण तळणीच्या दोन कढया रिकाम्या बसल्या नाहीत.

सरकारी दार पण आहे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या प्लॅटफॉर्मना भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्या नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं घातलं होतं, आणि त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, ही व्यवस्था २०२३ पासून चालू आहे. प्रोफाइलच गेलं असेल, वर्षांचे फोटो-पेज अडकले असतील तर हे जरूर करा. दिवाळी वाचवायला मात्र नाही, तारखाच मोजा ना.

तर माझं मत विचाराल तर हातात आठवड्याहून जास्त वेळ असेल तर आजच अपील, सोबत वही आणि अकाउंट आधीपासून चालू असेल तर गूगल, नवीन अकाउंटला हात लावायचा नाही. तीन-चार दिवसच असतील तरी अपील टाकाच, पण त्याच्या भरवशावर माल काढू नका, जाहिरातीचे पैसे सोसायट्यांमधल्या सॅम्पलच्या पुड्यांवर घाला. बंदीचं कारण म्हणून "सिस्टीम चुकवणे" असं लिहून आलं असेल तर मात्र आशा कमी ठेवा, आधी आठवा घरातल्या कोणी काय उद्योग केलाय.

आमच्याकडे उद्योग असा होता की भाच्याने दुबईहून लॉगिन करून त्याचं कार्ड टाकलं होतं, मदत म्हणून. बंदीचं कारण "असामान्य हालचाल" एवढंच दाखवत होतं, अपीलात सगळ्यात सोपं सुटणारं. पण मशीनशी काय बोलायचं म्हणून आम्ही बटण दाबलंच नाही, बारा दिवस वहिनी आणि टेलिग्राममध्ये घालवले. शेवटी मावशीने स्वतःच पॅनकार्डाचा फोटो टाकून रिव्ह्यू मागितला, आणि भाऊबीजेच्या दुपारी, भाच्याला ओवाळत असताना, अकाउंट चालू झाल्याचा मेल आला.