सुतानं चुकणारी पाटी

तेहतीस वर्षं फोंड्यातल्या एका छापखान्यात बाइंडिंगला होतो. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, या हातांनी किती घड्या मारल्या त्याचा हिशेब नाही. देशातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात उतरला, हे आमचे मालक प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचे आणि लगेच त्याच्या हाती झाडू द्यायचे. एवढं सांगायचं कारण, सुनेनं घरच्या ग्रीटिंग कार्डांसाठी साडेसहाशे रुपयांचा ‘स्कोअरिंग बोर्ड’ मागवला तेव्हा मी हसलो होतो. एक स्टीलची पट्टी, एक हाडाची पट्टी, आणखी काय लागतं?

वस्तू साधीच आहे. जाड प्लास्टिकची बारा इंची पाटी, तिच्यावर सुतासुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, अंतरानं खाचा. वर आणि डावीकडे उभी कड, तिला कागद टेकवायचा आणि हव्या त्या खाचेतून टोकदार पट्टी ओढायची. कागदावर चर पडतो, घडी त्या चरावरूनच जाते.

दिवाळीला फराळाची ताटं शेजारी जातात, तेव्हा प्रत्येक ताटात एक कार्ड ठेवायचं असं सुनेच्या मनात होतं. नाताळात तिकडून दोदोल नि नेवऱ्या येतात, मग आपलं ताट तरी नुसतं कसं पाठवायचं? चाळीस कार्डं ठरली. तिनं ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारा जाड, तांबडा ए-फोर कागद आणला, मधोमध दुमडायला पाच इंच सात सुताची खाच धरली आणि पाचव्या कार्डाला मला हाक मारली, “बाबा, घडी वांकडी जाल्या.”

घडी वाकडी नव्हती. एक पान दुसऱ्याच्या बाहेर डोकावत होतं, जवळजवळ दीड मिलिमीटर. बिचारी स्वतःच्या हाताला दोष देत होती. दोष पाटीचा. ए-फोर २९७ मिलिमीटर लांब, त्याचा मध्य १४८.५ वर. पाच इंच सात सूत म्हणजे १४९.२. एक पान तेवढं वाढतं, दुसरं तेवढंच घटतं, म्हणून फरक दुप्पट दिसतो. पाटी इंचातली, कागद मिलिमीटरातला, दोघांची गाठ त्या खाचेत पडत नाही. सोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल चकार शब्द नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. आपल्याकडे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात कागद मागितला तर ए-फोरच हातात पडतो, मग विकताना सांगायला नको?

दुसरी गोष्ट, घडीवर तांबडा रंग तडकून पांढरे केस दिसत होते. हा दोष पाटीचा नाही. कागदातले तंतू एका दिशेनं झोपलेले असतात, आणि ए-फोरमध्ये ते बहुधा लांबीला धरून असतात. तो मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी पडते, ते मोडतात. खात्री करायची तर कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी नुसता वाकवून पाहा. ज्या बाजूनं निमूट वाकतो, घडी त्या बाजूनं.

मग मी तिला म्हटलं, आधी ए-फोर काप, दोन तुकडे कर. प्रत्येक तुकडा १४८.५ बाय २१०. तो २१० च्या मध्यावर दुमडायचा, म्हणजे १०५ वर. आता घडी तंतूंबरोबर जाते. आणि गंमत अशी, की चार इंच एक सूत ही खाच १०४.८ वर येते. फरक राहतो पाव मिलिमीटरही नाही. एका कागदात दोन कार्डं, तडा नाही, पान डोकावत नाही. हे जमलं तेव्हा मात्र मी पाटीला मनातल्या मनात मानलं. हातानं करताना प्रत्येक कार्डावर पेन्सिलीच्या दोन खुणा कराव्या लागतात, त्या वाचल्या. चाळीस चर आधी ओढून घेतले, घड्या मागाहून एकदम घातल्या. जेवणाच्या आधी काम संपलं होतं.

एक चूक मात्र जवळजवळ सगळेच करतात, सूनही करत होती. चर ओढला की मागच्या अंगाला बारीक उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. सहज हात जातो तो उलटा, चराच्या बाजूनं मिटायला. तसं केलं की बाहेरचा थर ताणतो आणि घडी फुगते. चरही एका दाबात खोल ओढू नका, दोनतीनदा हलक्या हातानं ओढा. घडी घालताना नजर घडीवर नको, समोरच्या दोन कोपऱ्यांवर हवी. कोपरे जुळले की मधून बाहेर घोटायचं, तेही वर रद्दीचा तुकडा ठेवून. नाहीतर गडद कागदावर चकाकणारा पट्टा उमटतो, तो जात नाही.

बरोबर आलेली प्लास्टिकची पट्टी अगदी टाकाऊ. टोक बोथट, चराऐवजी नुसतीच रेघ उमटते. मी माझी जुनी हाडाची पट्टी दिली. पाटीच्या कोपऱ्यातही साच्याचा दाणा राहिलेला होता, त्यामुळे कागद नीट टेकत नव्हता. ब्लेडनं तासला.

चवथीला पुन्हा कार्डं करायची म्हणते आहे. पावसाळ्यात आमच्याकडे कागद पापडासारखा सादळतो. तडकत नाही खरा, पण मिटलेलं कार्ड सकाळपर्यंत तोंड उघडून बसतं. गठ्ठा आतापासूनच पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यावर ठेवला आहे, आणि घड्या घातल्यावर रात्रभर वजन म्हणून पाटा सांगून ठेवला आहे. वरवंटा नको, तो घरंगळतो.