दीड वर्ष वापरलेला वायरलेस माऊस, आणि मधले ते पाच दिवस

दीड वर्ष झालं हा माऊस वापरतेय, रोज आठ-नऊ तास, हिशोबाचं काम असल्यामुळे दिवसभर समोर शीट आणि हात माऊसवरच. मध्यंतरी पाच दिवस याने इतका छळ मांडला की वॉरंटीत द्यायला बॉक्समध्ये भरून ठेवला होता, आणि मग कळलं की माऊस ठणठणीत आहे. तेव्हा रिव्ह्यूबरोबर ते पाच दिवसही सविस्तर लिहितेय, कोणाचा तरी चांगला माऊस उगाच टाकून द्यायचा वाचेल.

आधी माऊसबद्दल. हाताला खरंच छान बसतो, अंगठ्याला टेकायला जागा आहे, मनगट दुखायचं माझं कमी झालं. उजव्या हाताचाच आकार आहे त्यामुळे डावखुऱ्यांनी घेऊ नका. क्लिकचा आवाज जवळपास नाहीच, बाजूला कोणी झोपलं असलं तरी काम करता येतं. एक डबल ए सेल लागतो, तो मला सहा-सात महिने पुरतो. डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावायचा छोटा रिसीव्हर, ठेवायला माऊसच्या पोटात छोटी खाच आहे, प्रवासात हरवत नाही. लाकडी टेबल, कापडी पॅड, साधा कागद, सगळ्यावर चालतो, काचेवर मात्र नाही, आणि ते बहुतेक साध्या ऑप्टिकल माऊसचं असंच असतं. खालचा सेन्सर म्हणजे एक बारीकसा कॅमेराच असतो, सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून बघतो की आपण किती सरकलो, आता स्वच्छ काचेत त्याला धरायला खूणच सापडत नाही तर तो तरी काय करणार.

आता तो किस्सा. दुपारी दोन-अडीचशे ओळी सिलेक्ट करत खाली ओढत होते आणि बाण मध्येच थिजला. हलवला, उचलून ठेवला, काही नाही. मग पाचेक सेकंदांनी एकदम उडी मारून भलत्याच कोपऱ्यात गेला आणि सगळं सिलेक्शन गेलं. संध्याकाळपर्यंत असं वीसेक वेळा झालं असेल.

अशा वेळी सगळ्यात आधी बघायचं की माऊस अडकलाय का कॉम्प्युटरच हँग झालाय. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा, त्याचा दिवा लागत-विझत असेल तर बहुतेक कॉम्प्युटर जिवंत आहे, लगेच कंट्रोल एस दाबून काम सेव्ह करून घ्या आणि मग माऊसकडे वळा. माझा दिवा लागत होता.

माऊस उलटा केला तर खाली लाल उजेड नाही, धस्स झालं, म्हटलं गेला हा. पण याचा उजेड इन्फ्रारेड आहे, डोळ्यांना दिसतच नाही. मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू करून त्याच्यासमोर धरला तर फिकट जांभळा ठिपका दिसला, म्हणजे सेन्सर चालू होता. (सगळ्या मोबाईलमध्ये दिसेलच असं नाही, काही कॅमेऱ्यांना फिल्टर असतो.) सेल बदलला. इथे एक लक्षात ठेवा, रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि साधा १.५ चा, त्यामुळे काही माऊस रिचार्जेबल टाकल्यावर सेल भरलेला असतानाही बॅटरी कमी असल्याचं दाखवतात. सेलच्या खाचेत स्प्रिंगवर पांढरी पूड धरली असेल तर अल्कलाईन सेल गळलाय, कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसायचं, नीट वाळू द्यायचं, मगच नवा सेल. माझी स्प्रिंग स्वच्छ होती. सेन्सरच्या भोकात एक केस मात्र अडकला होता, तो चिमट्याने काढला, त्याने बाण थरथरायचा थांबला पण थिजणं चालूच.

दुसऱ्या दिवशी घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपला तोच डोंगल लावून तीन तास काम केलं. एकदाही अडकला नाही! ही टेस्ट खरं तर सगळ्यात आधी करायला हवी, त्यावरून कळतं की दोष माऊसचा का कॉम्प्युटरचा. मग माऊसचा ड्रायव्हर, म्हणजे तो कॉम्प्युटरला ओळखू देणारं छोटं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला, रिस्टार्ट केलं. शट डाऊन नका करू बरं का, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर आतली बरीचशी अवस्था जशीच्या तशी जपून ठेवली जाते, खरी कोरी सुरुवात रिस्टार्टनेच होते. तरीही फरक नाही.

चौथ्या दिवशी थिजल्याच्या वेळा कागदावर लिहायला लागले आणि तिथे धागा सापडला. सगळ्या वेळा दुपारच्या बॅकअपच्या होत्या! आठवड्यापूर्वीच मी बॅकअपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली होती आणि ती डोंगलच्या अगदी शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये लावलेली. निळा म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी ३, जास्त वेगाचा यूएसबी. हा माऊस डोंगलशी २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर बोलतो, आणि यूएसबी ३ वरून डेटा वेगाने धावत असला की त्या केबलमधून, कनेक्टरमधून नेमका त्याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ सालीच यावर पेपर काढला होता, त्यात वायरलेस माऊसचंच उदाहरण आहे. म्हणजे डिस्क शांत असेल तेव्हा माऊस शहाणा, कॉपी सुरू झाली की बहिरा.

उपाय अगदी साधा. डोंगल काढून हातभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलला लावला आणि टेबलावर, माऊसच्या जवळ आणून ठेवला. बॅकअप मुद्दाम सुरू केला, श्वास रोखून दोनशे ओळी ओढल्या, बाण लोण्यासारखा सरकत गेला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! केबल नसेल तर डोंगल निदान दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, आणि डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट टाळा, कारण मागे लावलं की मधे सगळा पत्र्याचा डबा येतो.

एक छोटा त्रास तरी उरला होता, दहा-पंधरा मिनिटं हात नाही लावला की नंतर पहिले दोन-तीन सेकंद माऊस ढिम्म. तसा थोडा वेळ हात नाही लावला तर माऊस स्वतःच सेल वाचवायला झोपतो, एक क्लिक केलं की उठतो, पण इथे क्लिक करूनही उठत नव्हता. तो विंडोजचा वीज वाचवायचा प्रकार निघाला. विंडोज की आणि एक्स दाबा, मग एम, डिव्हाइस मॅनेजर उघडतो, त्यात यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू द्यायची टिक काढून टाकायची. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, तिथे पॉवर प्लॅनच्या सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आहे का बघा, असेल तर ते बंद करा. माऊस पूर्णच बंद असेल आणि टचपॅडही नसेल तर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबून एंटर करा, नंबरांच्या बटणांनी बाण हलवता येतो, ५ दाबलं की क्लिक. हे मला माहीत नव्हतं, त्या दिवसांत फार कामाला आलं.

या सगळ्याने एकच गोष्ट सुटत नाही, ती म्हणजे एकदा क्लिक केलं आणि दोनदा लागलं. ते होत असेल तर बहुतेक वेळा बटणाखालचा स्विच झिजलेला असतो, तो सरळ वॉरंटीत द्या. माझ्याकडे अजून तसं झालेलं नाही.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही मनापासून. बॅटरी कमी झाल्याचा दिवा दिलेला नाही, सेल संपत आला की माऊस अडखळायला लागतो आणि आपण नको तिथे दोष शोधत बसतो. आणि सोबतच्या कागदावर डोंगल कुठे लावावा, कशापासून लांब ठेवावा याबद्दल एक अक्षर नाही. ही एक ओळ छापली असती तर माझे पाच दिवस वाचले असते, बॉक्समध्ये वीतभर केबल टाकली असती तर उत्तमच. पाचपैकी चार स्टार देतेय, आणि आईसाठी हाच दुसरा मागवलाय, केबलसकट.