३६ इंची प्लॉटर, नऊ महिन्यांनंतर: शीट आखूड येत असेल तर आधी हे मोजा

गेल्या महिन्यात ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा होती. आमच्या प्लॉटरवर, म्हणजे नकाशे छापायच्या मोठ्या प्रिंटरवर, काढलेलं पार्किंगचं शीट आम्ही भिंतीवर चिकटवलं होतं. पहिल्या रांगेतले एक काका उठले, पिशवीतून पट्टी काढली आणि गाडीच्या एका खणावर धरली. म्हणाले, "मॅडम, खाली १:१०० लिहिलंय. खण अडीच बाय पाचचा दाखवलाय. इथे ४९ मिलिमीटर भरतंय. पाच मीटर कुठं आहेत?"

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. उभी हयात ट्रेसिंग पेपरवर गेलेली. मी स्वतः पट्टी धरून पाहिली. ४९ आणि वर किंचित. १:१०० ला कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर, पाच मीटरला ५० भरायला हवे होते. म्हणजे कागदावर प्रत्येक गाडीमागे साडेआठ सेंटिमीटर गायब. सभेत आधीच बिल्डरवर संशय, त्यात आर्किटेक्टचं शीटच आखूड! मागून एक बाई म्हणाल्या, "मग आमच्या खोल्या पण अशाच असतील." त्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही, आणि हा अनुभव लिहायला बसले तेही त्यामुळेच.

मशीनचं नाव घेत नाही. साधा चार शायांचा ३६ इंची प्लॉटर आहे. फेब्रुवारीत घेतला. ऑफिस चार माणसांचं, काम बहुतेक ठाण्यातल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं. त्याआधी सगळे प्लॉट, म्हणजे छापील शीटं, बाहेरून काढत होतो, ए-१ आकाराच्या शीटला ४० रुपये. आता ३६ इंची ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ५० मीटरचा रोल आम्हाला ८५० ला पडतो. ए-१ शीट रोलवर आडवं टाकलं, की ८४१ मिलिमीटरची बाजू रोलच्या रुंदीत बसते आणि लांबीत जेमतेम ६० सेंटिमीटर कागद जातो. एका रोलमध्ये ८३ शीटं, कागद १० रुपयांना एक. शाई वेगळी, तिचं पुढे सांगते. सहा महिने मी सगळ्यांना "घ्याच" म्हणून सांगत होते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला. बुधवारी त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर आला. त्याने मशीनमधून टेस्ट प्रिंट काढली, करड्या पट्ट्यात बारीक गडद रेघा दिसल्या, आणि पाचव्या मिनिटाला निदान झालं: "मॅडम, दोन हेड गेलेत." हेड म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग. खर्च १५,४००, आणि हेड वॉरंटीत येत नाहीत. मी एकच प्रश्न विचारला. हेड खराब असेल तर रेघ तुटेल, रंग फिका येईल. लांबी कशी कमी होईल? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. "पहिले हेड बदलून बघू" एवढंच. "बघू" साठी १५,४०० रुपये द्यायची माझी तयारी नव्हती. जॉबशीटवर त्याने लिहिलेलं "हेड रिप्लेसमेंट सुचवले" याच्याखाली मी "लांबीच्या तक्रारीचे कारण सांगितले नाही" असं लिहिलं आणि मगच सही केली. यावरून त्यांच्या ऑफिसातून दोन फोन आले. मी वाक्य काढलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एक फाईल केली. ए-१ च्या लेआउटवर ५०० बाय ५०० मिलिमीटरचा चौकोन आणि त्याचे दोन कर्ण. बाकी काही नाही. नेहमीच्याच पद्धतीने प्लॉट काढला, टेबलावर सपाट पसरला आणि एक मीटरच्या स्टीलच्या पट्टीने मोजला. प्लास्टिकची पट्टी या कामाला चालत नाही.

आडवी बाजू ४९१.५. उभी बाजूही जवळजवळ तेवढीच.

दोन्ही बाजू अशा सारख्याच आखूड दिसल्या तेव्हा मला वाटलं की मशीनचा यात दोष नाही. प्लॉटरमध्ये दोन दिशांचं मोजमाप दोन वेगळ्या वस्तू करतात. हेडची गाडी डावी-उजवीकडे धावते, तिला तिची जागा एका लांब पारदर्शक पट्टीवरच्या बारीक खुणा सांगतात. कागद पुढे सरकतो तो रबरी रोलरवर. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघेही एकाच वेळी, जवळजवळ एकाच प्रमाणात चुकतील हे होत नाही. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या घटल्या तर मुख्य घट मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते.

कुठे झाली तेही लगेच सापडलं. आमच्याकडे ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच आहे. वर्षाला भाडं भरायचं म्हटल्यावर दुसरं घ्यायचं धाडस अजून झालेलं नाही. त्यामुळे त्या पीसीवर पीडीएफ करायची आणि दुसऱ्या पीसीवरून छापायची, अशी पद्धत. छापताना पीडीएफच्या खिडकीत "फिट" निवडलेलं, म्हणजे छापता येईल तेवढ्या जागेत मावेल असं लहान करा. पीडीएफ पूर्ण ५९४ मिलिमीटर उंचीची, मशीन कडेला ५-५ मिलिमीटर सोडतं, म्हणजे छापायला ५८४ उरतात. ५८४ भागिले ५९४ करा, ९८.३ टक्के येतं. काकांचा ५० मिलिमीटरचा खण ४९.१५ चा झाला तो इथे. "ॲक्च्युअल साइझ" निवडलं. आमची चौकट कडेपासून १० मिलिमीटर आत असते, त्यामुळे काहीच कापलं गेलं नाही.

इथपर्यंत लिहून मी हा अनुभव संपवणार होते. चूक आमची, मशीन निर्दोष. पण चौकोन परत काढला आणि परत मोजला, तेव्हा मत पुन्हा बदलावं लागलं.

आडवी बाजू ५००. उभी, म्हणजे कागद सरकतो त्या दिशेची, ४९८.५.

दीड मिलिमीटर. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी काय? १:१०० ला ते पंधरा सेंटिमीटर आहेत, पन्नास मीटरच्या भूखंडावर. आणि या वेळी एकच बाजू कमी होती, म्हणजे आता खरोखर मशीन. कागद प्रत्येक फेरीला हवा त्यापेक्षा किंचित कमी सरकतोय. कमी सरकला, की छपाईचा एक पट्टा आधीच्या पट्ट्यावर जरासा चढतो आणि तिथे गडद रेघ उमटते. इंजिनिअरने पाहिलेल्या गडद रेघा याच! जास्त सरकला असता तर पांढऱ्या फटी दिसल्या असत्या. त्याने लक्षण बरोबर पाहिलं, पण पट्टी लावून मोजलं नाही म्हणून हेडवर गेला.

कारण अगदी साधं निघालं. पॅनलवर कागदाचा प्रकार जाड कोटेड होता, आत रोल होता ८० जीएसएमचा साधा बाँड. मे महिन्यात एका प्रेझेंटेशनसाठी कोटेड रोल लावला होता, तो संपल्यावर रोल बदलला, प्रकार बदलला नाही. कागद किती सरकवायचा याचा हिशोब मशीन प्रत्येक प्रकारासाठी वेगळा ठेवतं. प्रकार बदलून मेन्यूतून पेपर ॲडव्हान्स कॅलिब्रेशन केलं. वीस मिनिटं आणि दीड मीटर कागद. उभी बाजू ५००, गडद रेघा गायब, दोन्ही कर्ण ७०७. कर्ण मोजायला विसरू नका. दोन कर्ण सारखे नसतील तर रोल तिरका बसलाय आणि काटकोन काटकोन राहिलेला नाही.

मी हे विक्रेत्याला कळवलं. हेडचं कोटेशन मागे घेतलं गेलं, पण भेटीचं १,७७० चं बिल आलं, कारण "वापर चुकीचा होता". मी भरलेलं नाही. इंजिनिअर समोर उभा असताना पॅनलवर चुकीचा कागद स्वच्छ लिहिलेला होता, तो त्याने वाचायला हवा होता. या मुद्द्यावर मी अजूनही ठाम आहे.

आमच्याच धंद्यातले काही जण म्हणतात, शीटवर "लिहिलेली मापे ग्राह्य, पट्टीने मोजू नये" ही टीप असते, मग एवढा त्रास कशाला? ती टीप साइटवरच्या कंत्राटदारासाठी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण सभेला बसलेल्या माणसाचं तीस वर्षांचं घर त्या कागदावर असतं. तो पट्टी लावणारच, आणि लावली तर ती जुळली पाहिजे. आधीच्या पिढीने ०.१८, ०.२५, ०.३५ मिलिमीटर जाडीच्या रॉटरिंग पेनांनी हातात कंप न येऊ देता हे जपलं. आपल्याला तर फक्त एक खूण बदलायची असते.

पावसाळ्याचं एक सांगून ठेवते. कागद दमट हवेत फुगतो, आणि तोही रोलच्या रुंदीत जास्त, कारण तंतू लांबीच्या दिशेने झोपलेले असतात. ऑगस्टमध्ये खिडकीशी टांगलेलं आणि एसीत ठेवलेलं एकाच फाईलचं शीट मी मोजलं, ८४१ च्या बाजूत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक. हा दोष कुणाचाच नाही. रोल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, लावायच्या आदल्या रात्री त्याच खोलीत आणून ठेवा, आणि कॅलिब्रेशन पावसाळ्यात एकदा नि दिवाळीनंतर एकदा करा.

आता शाई. पहिले पाच महिने मी रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करत होते, वीज वाचावी म्हणून. जुलैत पिवळी संपली. पिवळा आम्ही फक्त पाडायच्या बांधकामाच्या हॅचला (नकाशात तो भाग भरून दाखवायला) वापरतो (नवं बांधकाम लाल), मग गेली कुठे? सकाळी थंड मशीन चालू झालं की ते हेड साफ करतं आणि त्यात चारही शाया जातात, तुम्ही दिवसभर काळं छापा की काहीच छापू नका. आता ते कायम स्टँडबायवर असतं. विजेचा खर्च त्या शाईच्या पुढे काहीच नाही. पाडकामाचं हॅचही भरीव न ठेवता तिरक्या रेघांचं केलं.

आमच्या मशीनची काळी शाई पिगमेंटची आहे, रंगीत डायच्या. जुलैत घोडबंदरच्या साइटवर पायाचं शीट भिजलं, लाल रंगात केलेल्या सगळ्या दुरुस्त्या गुलाबी डाग होऊन वाहून गेल्या, काळी मापं जशीच्या तशी राहिली. तेव्हापासून साइटचं शीट मोनोक्रोम सीटीबीमधूनच निघतं (सीटीबी म्हणजे कोणती रेघ कोणत्या रंगात नि जाडीत छापायची ते ठरवणारी फाईल). ड्रायव्हरमध्येही फक्त काळी शाई निवडायची, नाहीतर करडा रंग तिन्ही रंगांतून तयार होतो.

सॉफ्टवेअरच्या बाजूचे दोन-तीन त्रास, ज्यांचं खापर आधी मी मशीनवरच फोडलं होतं. प्लॉट अर्ध्यावर अडकणं: हॅचला ट्रान्स्परन्सी दिली आणि प्लॉटच्या वेळी ती चालू ठेवली, की अख्खं शीट चित्र बनून जातं आणि फाईल फुगते. पारदर्शक करण्याऐवजी सीटीबीमध्ये त्या रंगाचं स्क्रीनिंग (शाईचा गडदपणा) ४० वर आणा आणि अक्षरं हॅचच्या वर घ्या. दिसायला तेच दिसतं. मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं: ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरच्या शेप फॉन्टमध्ये देवनागरी नसते, टेक्स्ट स्टाइलला मंगल किंवा निर्मला लावा. लाईट जाऊन आल्यावर प्लॉटर "ऑफलाइन": राउटर त्याला नवा आयपी देतो आणि पीसी जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरमध्ये पत्ता कायमचा राखून ठेवला, त्यानंतर हा प्रकार झाला नाही.

गेल्या रविवारी अकराही शीटं नव्याने काढून सोसायटीत नेली. आता प्रत्येक शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ असते, वर लिहिलेलं असतं "ही रेघ मोजा". काकांनी ती मोजली, मग पार्किंगचा खण, मग न विचारता जिन्याची रुंदी, आणि शेवटी त्या मागच्या बाईंना पुढे बोलावून पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपल्या फ्लॅटची बेडरूम मोजली. दोनदा मोजली.

वॉरंटी फेब्रुवारीत संपते. सध्या कटर डाव्या टोकाला दोन बोटं कागद फाडतोय. परवा तक्रार लिहून पाठवली, सोबत फोटो, कागदाचा प्रकार आणि चौकोनाची चारही मापं जोडली आहेत.