पीएस५ डिजिटल: स्वस्त कन्सोल, एकच दुकान

मशीनबद्दल तक्रार नाही, म्हणून ते आधी उरकतो. पीएस५ स्लिम डिजिटल, १ टीबी. म्हणजे सोनीचा गेम खेळायचा कन्सोल, पण डिस्क न चालणारा; गेम सोनीच्या ऑनलाइन स्टोअरवरूनच घ्यायचे. दिवाळीच्या आधीपासून वापरतोय. रात्री हॉलमध्ये चालू असला तरी आतल्या खोलीत पत्ता लागत नाही. लोडिंगच्या वेळात चहा आणायला उठायची सवय मोडली. कंट्रोलरचा ट्रिगर तर धनुष्य ताणताना बोटाला खरोखर अडतो. मजा येते.

आता पैशांचं. भारतात स्लिम एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० रुपयांना होता. तेव्हाचा दहा हजारांचा फरक बघून बरेच जण डिजिटलकडे वळले, मीही वळलो. पण अमेरिकेत हाच स्लिम आला तेव्हा दोन मॉडेलांत फरक होता ५० डॉलरचा, आणि डिस्क चालवणारा ड्राइव्ह मागाहून सुटा घ्यायचा तर ८० डॉलर! म्हणजे इथे डिजिटलवर दिलेली दहा हजारांची सूट त्या सुट्या भागाच्या किमतीहूनही मोठी होती. गिऱ्हाईक कायमचं आपल्या दुकानात येणार, त्याचा तो विसार आहे.

सोनीचे मोठे गेम इथे ४,९९९ ला येतात. आमच्या सोसायटीतला एक मुलगा डिस्क घेतो, दोन-तीन आठवड्यांत गेम संपवतो आणि ओएलएक्सवर तीन-साडेतीन हजारांना काढतो. त्याला तो गेम दीड-दोन हजारांत पडतो. मला पूर्ण ४,९९९, आणि संपल्यावर तो विकताही येत नाही, कुणाला देताही येत नाही. पूर्वी बाहेरची दुकानं पूर्ण गेमचे डाउनलोड कोड विकायची, त्यांच्यात थोडीफार चढाओढ असायची. सोनीने १ एप्रिल २०१९ पासून तेही थांबवलं. आता बाहेर मिळतं ते वॉलेटमध्ये भरायचं कार्ड. त्यावर पाच टक्के सुटले तरी गेमची किंमत सोनीच्याच स्टोअरची.

पीसीवर खेळणाऱ्यांचं बरं आहे, त्यांना एकाहून जास्त दुकानं आहेत. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान गेम बनवणाऱ्यांकडून विक्रीतला ३० टक्के वाटा घेत होतं, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये एपिक या गेम कंपनीने १२ टक्क्यांवर दुकान थाटलं आणि पुढे फुकट गेम वाटायला सुरुवात केली. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. पीएसच्या स्टोअरवरही मुदत चौदा दिवसांचीच, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क संपला. आता डाउनलोड न करता गेम आवडला नाही हे कळायचं कसं, ते त्यांनाच ठाऊक.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स घेतला असता तर? त्यातला डिस्क नसलेला सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आला होता. कन्सोल विकून आपल्याला कधीच नफा झालेला नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये एपिक-ॲपल खटल्यात साक्षीत सांगितलं. वसुली पुढे होते. त्यांची गेमची मासिक वर्गणी, गेम पास अल्टिमेट, ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना ८२९ वरून १,३८९ वर गेली. त्यामुळे तिकडेही फार हळहळ वाटत नाही.

सध्या माझा नियम एकच: नवा गेम पहिल्या दिवशी घ्यायचा नाही. विशलिस्टमध्ये टाकून ठेवतो आणि सेलची वाट बघतो. दीड-दोन वर्षं जुने गेम निम्म्या किमतीत मिळून जातात. वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणार असाल, तर डिजिटल बिनधास्त घ्या. गोष्टीवाले गेम एकामागून एक संपवणाऱ्यांनी मात्र जास्तीचे पैसे मोजून डिस्कवालाच घ्यावा, तीन-चार डिस्क विकल्या की ते वसूल होतात.