मान्सूनचा दोन बाजूंचा नकाशा: घ्या, पण समुद्राची खोली हाताने लिहून घ्या

अमळनेरला अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो, वर्गासाठी मागवला. नळी दबूनच आली त्यामुळे एका कोपऱ्याला घडी पडलीये, ती काही जात नाही.

बाकी नकाशा भारी आहे. एका बाजूला जानेवारी, दुसऱ्या बाजूला जुलै, वारे निळे आणि समुद्राचे प्रवाह लाल. सगळ्यांचं बोट आधी सोमालियाजवळच्या उलटणाऱ्या प्रवाहाकडे जातं, पण मला आवडला तो इंडोनेशियातला जावा समुद्र. जानेवारीत तिथला बाण पूर्वेला, पलटून जुलै बघा तर सरळ पश्चिमेला. मागच्या बेंचवरून लगेच आवाज, "सर, समुद्रनं पाणी उलटं कसं वाहस?"

आणि इथेच नकाशावाल्यांनी माती खाल्ली. या समुद्राची सरासरी खोली साधारण ४६ मीटर, हा आकडा कुठेच छापलेला नाही, आणि सगळी मेख तर त्यातच आहे. खोल समुद्रात वारा वरचाच थर ढकलतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पाणी वाऱ्याची दिशा सोडून बाजूला वळतं. इथे पाणीच एवढं उथळ की वाऱ्याचा जोर जवळजवळ तळापर्यंत पोचतो, त्यात विषुववृत्त जवळ म्हणून वळणंही कमी, मग डिसेंबर ते फेब्रुवारी वायव्येचा वारा असला की पाणी पूर्वेला आणि जून ते ऑगस्ट आग्नेयेचा सुरू झाला की पश्चिमेला. मधल्या एप्रिल आणि ऑक्टोबरला वाऱ्याचं काही खरं नसतं, ते महिने नकाशात नाहीतच.

मी परातीत पाणी घेऊन तळाशी उकळलेली चहापत्ती टाकली आणि टेबलफॅन लावला (लाईट होती नशिबाने). वरचं पाणी पुढे गेलं, काठाला अडलं आणि खालून मागे आलं, पत्ती फॅनकडेच सरकायला लागली. पोरांनी बरोबर पकडलं, मग जावा समुद्रात असं का होत नाही? अरे तो दोन्हीकडून उघडा आहे ना, पूर्वेला फ्लोरेस समुद्र आणि वायव्येला कारिमाता सामुद्रधुनीतून दक्षिण चीन समुद्र, एकीकडून शिरलेलं पाणी दुसरीकडून निघून जातं. म्हणून खारटपणाही बदलतो, जुलैच्या वाऱ्यात पूर्वेचं जास्त खारं पाणी आत येतं आणि तिकडच्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, पावसाचं नि नद्यांचं पाणी मिसळून तो उतरतो. इंडोनेशियातल्याच मकासर बंदराचे खलाशी पूर्वी डिसेंबरच्या वाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला समुद्रकाकडी (भाजी नव्हे, समुद्रातला प्राणी) गोळा करायला जायचे आणि वारा फिरला की परत, हे सांगितल्यावर तर तास संपला तरी कोणी उठेना.

लॅमिनेशन फार चकाकतं, खिडकीसमोर टांगलात तर अर्ध्या वर्गाला नुसता उजेड दिसतो. घरी भिंतीवर चिकटवायला घेऊ नका, एक बाजू वायाच जाईल. शाळा-कॉलेजसाठी बिनधास्त घ्या, मार्करने ४६ मी. लिहून टाका. पाचपैकी ४ स्टार, कापलेला एक खोलीसाठी, घडीसाठी नाही.