हॉवर्ड शेलींचा क्लेमेंटी-संच : काही महिन्यांच्या श्रवणानंतर

पियानो शिकलेल्या बहुतेकांना मुझिओ क्लेमेंटी (१७५२–१८३२) ठाऊक असतात ते ओपस (रचना-क्रमांक) ३६ मधल्या सोनाटिनांमुळे, म्हणजे छोट्या सोनाटांमुळे (सोनाटा म्हणजे बहुधा अनेक भागांची वाद्यरचना). आपल्याकडे मुंबई-पुण्यात पियानोच्या परीक्षा देणारी मुलेही त्या वाजवतात, आणि पुढे क्लेमेंटी मागेच राहतात. रोममध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये आयुष्य घालवलेल्या या संगीतकारावर तो मोठा अन्याय आहे, असे हॉवर्ड शेली या ब्रिटिश पियानोवादकाने हायपेरियन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी सहा खंडांत, म्हणजे १२ सीडींवर, ध्वनिमुद्रित केलेल्या त्यांच्या सोनाटा काही महिने ऐकल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

२४ डिसेंबर १७८१ रोजी व्हिएन्नात सम्राट दुसरे जोसेफ यांच्यासमोर क्लेमेंटी आणि मोझार्ट यांची जुगलबंदी झाली. नंतर वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोझार्टने क्लेमेंटींना निव्वळ यांत्रिक ठरवले, आणि तो शिक्का आजही पुरता पुसलेला नाही. क्लेमेंटींनी त्या वेळी वाजवलेल्या बी फ्लॅट मेजर सोनाटाच्या आरंभी एकच स्वर भराभर आघात घेत येतो. दहा वर्षांनी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेराच्या पूर्वरंगात जवळपास तीच कल्पना भेटते. शेली हा भाग कसलाही गाजावाजा न करता, स्वच्छ बोटांनी वाजवतात.

त्यांचे खरे सामर्थ्य मात्र १८०२ मधल्या बी मायनर सोनाटात (ओपस ४०, क्रमांक २) दिसते. तिच्या दुसऱ्या भागातील शोकमग्न लार्गो (अतिसंथ भाग) जलद अलेग्रोनंतर पुन्हा परततो, तेव्हा शेली गती ओढून भावुकता आणत नाहीत; स्वरांमधली शांतता तेवढी किंचित लांबते, आणि तोच विषय आधीपेक्षा अधिक खचलेला वाटतो. बीथोव्हेनला या सोनाटांविषयी एवढा आदर का होता, हे अशा ठिकाणी उमगते.

सुरुवातीच्या काही सोनाटा मात्र सलग ऐकवत नाहीत. दुहेरी स्वरांच्या धावत्या पंक्तींचे प्रदर्शन त्यांत फार आहे, आणि आधुनिक पियानोचा भरदार खर्ज त्या नाजूक रचनांना जड जातो. त्यांच्यासाठी कोस्टान्टिनो मास्ट्रोप्रिमियानो यांचे फोर्टेपियानोवरील (पियानोच्या जुन्या, हलक्या आवाजाच्या रूपावरील) ध्वनिमुद्रण मला अधिक भावते.

संच साधारण कालक्रमाने लावलेला असल्यामुळे नव्या श्रोत्याने पहिल्या खंडापासून आरंभ करू नये. सहावा खंड आधी घ्यावा आणि त्यातली १८२१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘दिदोने आब्बान्दोनाता’ ऐकावी. ट्रॉयचा वीर एनिअस याने टाकून दिलेल्या कार्थेजच्या डिडो राणीची ही जी मायनर सोनाटा शेलींनी तिच्या हताश, प्रक्षुब्ध शेवटापर्यंत विलक्षण संयमाने नेली आहे.